शंभर पानांच्या अलीकडे-पलीकडे

या पुस्तकात ज्या कादंबऱ्यांविषयी लिहिले आहे, त्यांतल्या बहुतेक दीडशे पानांच्या आत संपतात. काही तर शंभरीही गाठत नाहीत. दिलसुखनगर आणि आसपासच्या सरूरनगर, चैतन्यपुरी, मलकपेट भागांत राहणाऱ्या मराठी वाचकांचा आमचा एक गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे आणि सगळ्यांनी वाचून आणलेल्या एका कादंबरीवर बोलायचे, एवढाच त्याचा कार्यक्रम. त्या बोलण्यातून निघालेली टिपणे इथे एकत्र केली आहेत. ती लिहिणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, औषधांचे दुकान चालवणारे आहेत, हायटेक सिटीत नोकरी करणारी तरुण मंडळी आहेत. समीक्षक कुणीच नाही. प्रत्येकाने वाचून जे मनापासून वाटले ते लिहिले आहे, आणि संपादन करताना मी त्यातले व्याकरण सोडून फारसे काही बदललेले नाही.

दिलसुखनगर हे नाव हैदराबादबाहेर ऐकू येते ते कोचिंग क्लासेसमुळे. मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना इमारतींवर पाट्याच पाट्या. बँकेच्या परीक्षा, सॉफ्टवेअरचे कोर्स, सरकारी भरती, मुलामुलींची हॉस्टेल्स. इथल्या पुस्तकांच्या दुकानांत मांडलेली असतात ती मुख्यतः गाइडे आणि सराव प्रश्नपत्रिका. वाचन म्हणजे परीक्षेची तयारी, असा इथल्या हवेचाच गुण आहे. अशा ठिकाणी तीस, चाळीस, साठ वर्षांची माणसे कुठलीही परीक्षा द्यायची नसताना एकच कादंबरी वाचून एकत्र येतात, याचे मला फार अप्रूप वाटते, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही.

लहान कादंबरीच का, असे विचारले की पहिले उत्तर वेळेचे येते. सकाळी मेट्रोने अमीरपेट किंवा मियापूर गाठायचे, संध्याकाळी परत यायचे, मग घरचे. पाचशे पानांना हात घालायचे धाडस होत नाही. हे खरेच आहे. पण फक्त वेळेचाच प्रश्न असता तर मोठ्या कादंबरीची रोज दहा पाने वाचूनही भागले असते, आणि आमच्यातले काहीजण तसे वाचतातही. लहान कादंबरीत वेगळे काहीतरी घडते, आणि ते वय वाढलेल्या वाचकाच्या बाबतीत जास्त घडते, असे मला या सगळ्या बैठकींनंतर ठामपणे वाटू लागले आहे.

मोठी कादंबरी आपले जग स्वतः उभे करते. घर, गाव, भावकी, ऋतू, पिढ्या, सगळे ती वाचकाला हळूहळू आणून देते. लहान कादंबरीला तेवढी ऐसपैस जागा नसते. वाचकाच्या पदरी काही जमा आहे, असे ती धरूनच चालते. त्याने एखादे मरण जवळून पाहिले असेल, एखादे घर वाटण्या होऊन मोडताना पाहिले असेल, एखादी गोष्ट बोलायची राहून गेली असेल. या जमेतून ती उचल घेते. म्हणून तिला प्रौढ वाचक लागतो. ‘प्रौढ’ या शब्दाने कुणाच्या मनात काही वेगळे येत असेल तर सांगून ठेवतो, आमच्या निवडीत शृंगार आहे, हिंसाही आहे, पण निवडीची कसोटी ती नव्हती. ज्या पुस्तकाला वाचकाचे जगलेले आयुष्य लागते ते मोठ्यांचे, एवढेच आम्ही पाहिले.

टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची छोटी कादंबरी याचे उत्तम उदाहरण. एक सुस्थितीतला न्यायाधीश नवे घर सजवत असताना पडदे लावायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला थोडे लागते. त्या किरकोळ माराचे दुखणे होते आणि दुखण्याचे मरण. विशीत वाचली तेव्हा ती मला आजारपणाची गोष्ट वाटली होती. वडिलांच्या आजारपणानंतर पुन्हा वाचली, तेव्हा घरातली बाकी माणसे रोग्याशी कशी खोटे बोलतात आणि त्याला ते कसे कळत असते, यापलीकडे काही दिसेना. मजकूर तोच होता.

मराठीत याच जातीचे पुस्तक म्हणून मी दि. बा. मोकाशींच्या ‘आनंदओवरी’चे नाव घेईन. साल १९७४. तुकाराम नाहीसे झाले आहेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतो आहे. कान्होबाच सांगतो आहे. आता तुकारामांचे चरित्र मराठी माणसाला सांगायला नको. दुष्काळ, दिवाळे, आवली, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या हे सारे आपल्या कानावरून लहानपणापासून गेलेले असते. मोकाशींनी हे जाणले आणि ते सगळे वाचकाच्या हवाली करून स्वतः फक्त भावाला धरून ठेवले. संताचा भाऊ असणे म्हणजे काय? घर कुणी चालवायचे, रागवायचे कुणावर, आणि ज्याच्यावर रागवायचे त्याच्याच पायाशी बसावेसे वाटले तर काय करायचे? हे प्रश्न एवढ्याशा पुस्तकात इतक्या जवळून येतात की आमच्या बैठकीत त्या दिवशी तुकारामांवर कुणी बोललेच नाही. प्रत्येकजण आपापल्या भावंडांवर बोलत होता. पुढे अतुल पेठे यांनी किशोर कदम यांना घेऊन या कादंबरीचे नाटक केले तेही एकपात्री, आणि ते तसेच असायला हवे होते.

या निवडीतले सगळ्यांत परिचित पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’. १९५५ साली पुस्तकरूपाने आले. शाळेत उतारा वाचलेला असतो, अमोल पालेकरांचा १९९५ सालचा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो, म्हणून वाचायचे राहून जाते. आमच्या गटातही ‘ते काय, माहीतच आहे’ म्हणणारे होते. वाचून आले तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर येतो, शाळा सुरू करतो, गावाचा होऊन जातो, आणि दुष्काळात गावच उठून जाते. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

पण त्यातला शेकूचा प्रसंग बघा. शेकूकडे एकच बैल उरला आहे. पेरणीचे दिवस हातचे जाऊ लागले आहेत. जुवाच्या एका बाजूला तो बैल, आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. मास्तर हे पाहतो आणि आपल्याला दाखवतो. दारिद्र्यावर चार वाक्ये लिहायला लेखकाला इथे सहज जागा होती. स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या कष्टांवर लिहायलाही होती. माडगूळकर लिहीत नाहीत. एखाद्या मोठ्या कादंबरीत शेकूचे लग्न, बैल कुठून आणला, बाई माहेरची कोण, हे सगळे आले असते आणि कदाचित चांगलेही झाले असते. इथे ती बाई फक्त तेवढ्यापुरती येते. वाचणाऱ्याच्या खांद्यावर ते जू बराच काळ राहते. आमच्यातल्या एका बाईंचे बालपण नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यात गेले. त्या प्रसंगावर आल्या आणि म्हणाल्या, ‘मला हे पुस्तक पुढे त्या दिवशी वाचवलं नाही.’ त्यांचे टिपण जसेच्या तसे छापले आहे, अर्धवट वाटले तरी.

आता थोडे या कादंबऱ्या येतात कुठून याबद्दल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपराच सुरू झाली. पुढच्या काळात दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर ‘संपूर्ण कादंबरी’ असे ठळक छापलेले असले की अंकाला उठाव येई. संपूर्ण म्हटले तरी अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे, जाहिराती आणि राशिभविष्यही मावायचे. म्हणजे कादंबरीला मिळणार पन्नास-साठ मोठ्या आकाराची पाने. या मर्यादेने मराठी लेखकांना आटोपशीर लिहायला शिकवले असे माझे मत आहे. ह. मो. मराठे यांची ‘निष्पर्ण वृक्षावर भर दुपारी’ अशीच ‘साधना’च्या दिवाळी अंकातून आली आणि तिने लेखकाचे नाव एका दिवाळीत महाराष्ट्रभर नेले. असे इतर देशांतही झाले आहे. हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात संपूर्ण छापली गेली आणि दोन दिवसांत त्या अंकाच्या पन्नास लाख प्रती खपल्या. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली तिचे ‘एका कोळियाने’ केले. त्यावरचे टिपण या पुस्तकात आहे.

दिवाळी अंकातून पुस्तकात जाताना मात्र लहान कादंबरीची अडचण होते. पुस्तक छापले जाते सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत. सहा-सात फॉर्मांचे पुस्तक कपाटात उभे केले की त्याचा कणा इतका बारीक दिसतो की नाव वाचायची पंचाईत. वाचनालयाला वाटते एवढ्याशा पुस्तकाला काय किंमत मोजायची, आणि प्रकाशकाला वाटते बांधणीचा खर्च तर तेवढाच. मग दोन कादंबऱ्या एका बांधणीत घालायची रीत पडली. खानोलकरांची ‘गणुराय आणि चानी’ (१९७०), कमल देसाईंची ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ (१९७५), गौरी देशपांडे यांची ‘तेरुओ आणि कांही दूरपर्यंत’, ‘निरगाठी आणि चंद्रिके गं सारिके गं’, ‘दुस्तर हा घाट आणि थांग’. पुढच्या काळात मिलिंद बोकिलांची ‘रण-दुर्ग’. या जोड्यांमुळे पुस्तके छापली गेली हे खरे, पण दुसऱ्या कादंबरीचे फार नुकसान झाले. ग्रंथालयाच्या यादीत ‘च’ या अक्षराखाली ‘चानी’ शोधायला गेलात तर सापडेलच असे नाही, ती ‘ग’खाली गणुरायाच्या मागे उभी असते. व्ही. शांताराम यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट काढला तरी वाचनालयात तिची जागा बदलली नाही. या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत आम्ही प्रत्येक कादंबरीला तिची स्वतंत्र ओळ दिली आहे आणि ती कोणत्या पुस्तकात दडली आहे ते पुढे लिहिले आहे. हे छोटेसे काम आहे. ते कुणीतरी करायला हवे होते.

गौरी देशपांडे यांच्यावर आमच्याकडे सगळ्यांत जास्त टिपणे आली. पाच तर फक्त ‘थांग’वर होती, त्यातली दोन घेतली. त्यांच्या नायिका लग्न झालेल्या, मुले झालेल्या, शिकलेल्या, देशोदेशी राहिलेल्या असतात, आणि आयुष्य बाहेरून ठीक चाललेले असताना आतून त्यांना काही वेगळे हवे असते. हे सांगायला त्या मोठे कथानक रचत नाहीत. एक माणूस, दुसरा माणूस, त्यांच्यातले अंतर, आणि त्या अंतरावर बोलत राहणारी एक हुशार, हट्टी बाई. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या सभासद स्त्रिया या पुस्तकांवर ज्या मोकळेपणाने बोलल्या, तेवढा मोकळेपणा दुसऱ्या कुठल्याही बैठकीत आला नाही. कमल देसाई अधिक अवघड आहेत. त्यांच्या ‘काळा सूर्य’वर एकच टिपण आले, आणि ते लिहिणाऱ्या मुलीने ती कादंबरी तीनदा वाचली होती. या अवघडपणाला घाबरू नका एवढेच सांगतो. शंभर पानांच्या पुस्तकाचा हा फायदा आहे की समजले नाही तर पुन्हा पहिल्या पानावर येता येते.

हैदराबादच्या वाचकाने ही यादी करावी आणि त्यात मराठवाडा नसावा, हे होणे शक्यच नव्हते. १९४८पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या काळच्या मराठी माणसाला शिकायला, कोर्टाला, नोकरीला हैदराबादलाच यावे लागे. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांनी इथे विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. १९३१ साली इथे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर स्वतः कादंबरीकार होते. उस्मानिया विद्यापीठात डॉ. ना. गो. नांदापूरकर मराठी शिकवत, आणि त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर मामांकडे राहून याच शहरात शिकले. मराठी कादंबरीवरचे ‘धार आणि काठ’ हे त्यांचे पुस्तक १९७१चे. आमच्या वादांत ते वारंवार उघडले गेले. ‘पंचधारा’सारखे नियतकालिक मराठी साहित्य परिषदेने इथून चालवले. सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा या जुन्या मराठी वस्त्यांतून घरे वाढत वाढत दिलसुखनगर-सरूरनगरकडे आली, आणि नांदेड-परभणीची गाडी पकडायला काचीगुडा स्टेशन अजूनही आम्हाला जवळचेच आहे.

मराठवाड्याचा पहिला मोठा कादंबरीकार बी. रघुनाथ. जन्म १९१३, शिक्षण हैदराबादला, नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात, आणि १९५३ साली चाळिशीतच मृत्यू. ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’. एवढ्या थोड्या आयुष्यात कविता आणि कथा सांभाळून त्याने एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्याविषयी पुण्या-मुंबईकडे पुरेसे बोलले गेले नाही, याचे दुःख मराठवाड्यातल्या वाचकाला आहे आणि मलाही आहे. निजामी राज्यातला मराठी कारकून, त्याची भीती, त्याचा दबलेला अभिमान, गावातली चौधरी मंडळी आणि बदलणारे वारे, हे त्याने आतून पाहिले होते. ‘आडगावचे चौधरी’चे टिपण आम्ही मुद्दाम लांब ठेवले आहे.

दुसरे नाव रा. रं. बोराडे यांचे, आणि पुस्तक ‘पाचोळा’, १९७१. लातूरजवळच्या काटगावात १९४० साली जन्मलेले बोराडे २०२५मध्ये गेले. ‘पाचोळा’ गंगाराम शिंप्याच्या घराची गोष्ट आहे आणि ती सांगते त्याची बायको पार्वती. गावच्या बड्या माणसाशी बिनसते, आणि शिवणयंत्रावर चालणारे एक साधे घर बघता बघता उधळून जाते. पार्वती घरात बसून जे ऐकते, बघते, ताडते तेवढेच आपल्याला कळते. पुरुष बाहेर काय करून आला हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते, आणि आपल्यालाही. लेखकाने हे बंधन शेवटपर्यंत पाळले आहे. सगळी कादंबरी मराठवाडी बोलीत आहे.

या बोलीमुळे जे घडले ते सांगायलाच हवे. आमच्या गटातल्या एका बाईंचे सगळे शिक्षण तेलुगू माध्यमात झाले. घरात मराठी, पण वाचनाची सवय नाही. देवनागरी येते ती हिंदीमुळे. प्रमाण मराठीतले लांब वाक्य आले की त्या अडखळत. ‘पाचोळा’ त्यांना डोळ्यांनी वाचता येईना, म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर त्यांना आजीचा आवाज ऐकू येऊ लागला. आजी औशाकडची. जे शब्द पुस्तकात अवघड दिसत होते ते कानाला ओळखीचे निघाले. त्यांनी पूर्ण केलेले हे पहिले मराठी पुस्तक. पाचशे पानांची कादंबरी त्यांच्या हाती दिली असती तर हे झाले नसते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या हजारो मराठी माणसांची हीच स्थिती आहे. भाषा जिभेवर आहे, कानात आहे, डोळ्यांना सवय नाही. अशा वाचकाला शेवटच्या पानापर्यंत पोहोचल्याचा आनंद मिळाला पाहिजे, आणि तोही मुलांच्या गोष्टी वाचून नव्हे, आपल्या वयाला साजेसे काही वाचून. या पुस्तकामागचे माझे सगळ्यांत मोठे कारण हे आहे.

शेजारच्या भाषांकडे पाठ फिरवून आम्हाला राहता येत नाही, आणि राहायचेही नाही. तेलुगू वाचणाऱ्या सभासदांनी चलम यांच्या ‘मैदानम’वर लिहिले आहे. नवऱ्याला सोडून अमीर नावाच्या माणसाबरोबर निघून जाणाऱ्या राजेश्वरीची ही कादंबरी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावरचे वाद आजही ताजे आहेत. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) हिच्या शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही अधिक उजळतात. रावि शास्त्रींची ‘अल्पजीवि’ आणि दाशरथी रंगाचार्य यांची निजामी तेलंगणावरची ‘चिल्लर देवुळ्ळु’ यांवरही टिपणे आहेत. वडिलांकडून उर्दू लिपी शिकलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी कृष्ण चंदर यांची ‘जब खेत जागे’ आम्हाला दोन बैठकींत वाचून दाखवली. तेलंगणच्या शेतकरी लढ्यातला तरुण राघव राव फाशीच्या आदल्या रात्री तुरुंगात आहे, त्या एका रात्रीत त्याचे आयुष्य मावते. गौतम घोष यांचा ‘मा भूमी’ हा तेलुगू चित्रपट तिच्यावरच आधारलेला. कोकणातून थेट तेलुगू मुलखात आलेले एक पुस्तकही आहे. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर (१९६६) श्याम बेनेगल यांनी १९७८ साली हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’ असे दोन चित्रपट एकाच वेळी केले. बेनेगल हैदराबादचे, तेव्हा त्यांना ही गोष्ट इकडे आणावीशी वाटली यात नवल नाही.

कन्नडमधून विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ घेतली आहे. अचानक पैसा आलेल्या एका घरातली माणसे घराची एकी टिकवण्यासाठी किती खालच्या थराला जाऊ शकतात, हे त्यात न बोलता सांगितले आहे. तिच्यावर बोलताना आमची बैठक सर्वांत उशिरा संपली.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घ्यावी की नाही यावर मतभेद झाले. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. अर्धी कादंबरी तनय सांगतो, अर्धी अनुजा. काही ज्येष्ठांना विषय अवघड वाटला. त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मग त्यांच्यातल्याच एकांनी तनयचा भाग पुन्हा वाचला आणि पुढच्या वेळी येऊन सांगितले, की या मुलाला घरात कुणी काही विचारतच नाही, हे त्यांना पहिल्या वाचनात दिसले नव्हते. टिपण त्यांचेच छापले आहे.

काही नावे नाहीत म्हणून विचारणा होईल. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’, ‘पाणी’ या तिन्ही लहान कादंबऱ्या आम्ही वाचल्या. प्रयोग म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे, पण त्यांतली माणसे आमच्यापैकी कुणाच्या मनात राहिली नाहीत, म्हणून घेतल्या नाहीत. बाबुराव बागुलांची ‘सूड’ (१९७०) घेतली आहे आणि ती वाचताना त्रास होईल हे टिपणात स्पष्ट लिहिले आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या लहान कादंबऱ्यांना एका टिपणात न्याय देता येईना, त्यांच्यासाठी वेगळे पुस्तकच करायला हवे.

वाचनाविषयी दोनच सूचना. शक्य असेल तर एका बैठकीत वाचा. रविवारची दुपार किंवा गाडीचा लांबचा प्रवास, काहीही चालेल, पण तुकडे करू नका, कारण या लेखकांनी श्वास न तोडता लिहिले आहे. आणि वाचून झाल्यावर टिपण वाचा, आधी नको.

पुस्तके मिळवणे सोपे गेले नाही. बऱ्याच प्रती हैदराबादच्या मराठी ग्रंथालयांतून आल्या, काही आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथ बाजारात इंग्रजी पुस्तकांच्या ढिगाखाली सापडल्या, काही नांदेड-लातूरच्या नातेवाइकांनी पाठवल्या. दिवाळी अंकांत छापल्या गेलेल्या आणि पुढे पुस्तकरूपाने कधीच न आलेल्या कितीतरी कादंबऱ्या मात्र आमच्या हाती लागलेल्या नाहीत. त्या अजून जुन्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, गठ्ठ्यांत आहेत. वाचकांना विनंती आहे, असा जुना अंक घरात असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा त्याची अनुक्रमणिका पाहा. संपूर्ण कादंबरी असेल तर लेखकाचे नाव, कादंबरीचे नाव, अंक आणि वर्ष लिहून कळवा. जमल्यास पानांचे फोटो पाठवा. दुसऱ्या भागाची यादी आम्ही त्यातूनच करणार आहोत.